दृष्टिदोषनिवारक लेसर शस्त्रक्रिया, मापनानुसारी

दृष्टिदोषनिवारक लेसर शस्त्रक्रिया, मापनानुसारी : ज्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करावयाची, त्याच्या प्रकाशीय दोषांचे बिंदूगणिक मापन करून त्या मापनाच्या नकाशाप्रमाणे लेसर किरणांनी स्वच्छमंडलास (डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलास) नवा आकार देण्याची पद्धती. चष्म्याचा ‘नंबर’ सारखा असलेल्या दोन डोळ्यांचेही सूक्ष्म दोष भिन्न असतात. नेहमीच्या लेसर शस्त्रक्रियेत मुख्यतः नंबर विचारात घेतला जातो; या पद्धतीत मात्र त्या एका डोळ्याचा स्वतंत्र नकाशा आधारभूत धरतात. डोळ्याचे दोष मोजणारी भौतिकी व स्वच्छमंडलाचा आकार बदलू पाहणारी शल्यचिकित्सा हे दोन प्रवाह दीर्घकाळ एकमेकांपासून वेगळे राहिले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते एकत्र आले. शस्त्रक्रियेच्या प्रत्येक नव्या साधनाने आपल्याबरोबर नवे दोष आणले व त्या दोषांमुळेच अधिक काटेकोर मापनाची निकड भासू लागली, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

डोळ्याची प्रकाशीय रचना : डोळ्याची एकूण प्रणमनशक्ती सु. ६० डायॉप्टर असून तिचा सु. दोन-तृतीयांश भाग स्वच्छमंडलाच्या वाट्याला येतो. स्वच्छमंडलाची मध्यभागी जाडी केवळ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्याच्या वक्रतेत अल्पसा फरक केला, तरी प्रतिमा जालपटलावर (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडद्यावर) पडण्याऐवजी त्याच्या पुढे वा मागे पडते. प्रतिमा पुढे पडल्यास निकटदृष्टिता (लांबचे अस्पष्ट दिसणे) व मागे पडल्यास दूरदृष्टिता हे दोष संभवतात. वक्रता सर्व दिशांना सारखी नसल्यास अबिंदुकता उद्भवते. हे तीन दोष चष्म्याने दूर होतात. यांखेरीज गोलीय विपथन (भिंगाच्या कडेचे व मध्याचे किरण एकाच ठिकाणी न मिळणे), तसेच बिंदूला धूमकेतूसारखी शेपटी आणणारा ‘कोमा’ असे उच्च श्रेणीचे दोषही प्रत्येक डोळ्यात थोड्याफार प्रमाणात असतात. नेहमीच्या चष्म्याने ते दूर करता येत नाहीत. [⟶ डोळा, प्रकाशकी].

मापनाचा प्रारंभ : जालपटलावर प्रतिमा कशी उमटते व निकटदृष्टी माणसास अंतर्गोल भिंग का उपयोगी पडते, याचे पहिले समाधानकारक स्पष्टीकरण योहानेस केप्लर (१५७१–१६३०) यांनी १६०४ मध्ये केले. टॉमस यंग (१७७३–१८२९) यांनी १८०१ मध्ये स्वतःच्याच डोळ्यातील अबिंदुकतेचे वर्णन केले. तोच दोष असलेले इंग्रज ज्योतिर्विद जॉर्ज एअरी (१८०१–९२) यांनी १८२० नंतरच्या दशकात आपल्यासाठी दंडगोलीय भिंग घडवून घेतले. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स (१८२१–९४) यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले व पुढे स्वच्छमंडलाची वक्रता मोजण्याचे उपकरणही सिद्ध केले. एखाद्या कारागिराने मानवी डोळ्याइतके सदोष उपकरण विकावयास आणले, तर आपण ते परत करू, असे मत त्यांनी व्यक्त केले होते. फ्रान्स डाँडर्स (१८१८–८९) यांच्या १८६४ मधील ग्रंथाने चष्म्याच्या नंबराला शास्त्रीय पाया मिळाला. पोर्तुगालचे आंतोनिओ प्लासिदो यांनी १८८० मध्ये काळ्या-पांढऱ्या समकेंद्री वर्तुळांची तबकडी वापरात आणली. स्वच्छमंडलावर पडणाऱ्या तिच्या प्रतिबिंबातील वेडेवाकडेपणावरून पृष्ठभागाचा आकार समजू लागला. शंभर वर्षांनंतर संगणकाच्या साहाय्याने याच तत्त्वावर स्वच्छमंडलाचे रंगीत नकाशे काढण्यात येऊ लागले.

शस्त्रक्रियेचे प्रारंभिक प्रयत्न : स्वच्छमंडलाला छेद देऊन त्याची वक्रता बदलता येते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सशांवरील प्रयोगांत दिसून आले होते. जपानमधील त्सुतोमु सातो यांनी १९३० नंतरच्या दोन दशकांत निकटदृष्टी रुग्णांच्या स्वच्छमंडलास आतून व बाहेरून छेद देण्याची पद्धती अवलंबिली. स्वच्छमंडलाच्या आतील पेशीस्तर त्यातील पाणी सतत बाहेर काढतो व त्यामुळेच ते पारदर्शक राहते, ही गोष्ट त्या वेळी ज्ञात नव्हती. आतील छेदांनी त्या स्तराची हानी झाली. प्रारंभी चांगले दिसू लागलेल्या अनेक रुग्णांचे स्वच्छमंडल काही वर्षांनी सुजून धूसर झाले.

सोव्हिएट शल्यचिकित्सक स्व्यातोस्लाव्ह फ्योदोरोव्ह (१९२७–२०००) यांनी १९७० नंतर केवळ बाहेरून, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे छेद देण्याची पद्धती रूढ केली. अमेरिकेत तिचे दीर्घकालीन परीक्षण करण्यात आले. दहा वर्षांनंतरच्या, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४३ टक्के डोळ्यांत एक डायॉप्टर वा त्याहून अधिक दूरदृष्टिता निर्माण झाली होती. छेदांमुळे दुर्बल झालेल्या पटलाचा आकार वर्षानुवर्षे बदलत राहतो, हे यावरून स्पष्ट झाले.

कोलंबियातील बोगोटा येथे होसे इग्नासिओ बाराकेर (१९१६–९८) यांनी वेगळा मार्ग शोधला. छेद देण्याऐवजी स्वच्छमंडलातील द्रव्य कमी करून त्याचा आकार बदलावा, ही कल्पना त्यांनी १९४९ मध्ये मांडली. पुढे ते स्वच्छमंडलाची वरची चकती कापून घेत, ती गोठवून लहानशा कातयंत्रावर घडवीत व पुन्हा डोळ्यावर बसवीत. ही क्रिया अत्यंत अवघड असल्याने तिचा प्रसार मर्यादित राहिला. तथापि पुढील सर्व लेसर पद्धतींचे मूळ तीतच आहे.

एक्सायमर लेसर : या कामास हवे असलेले सूक्ष्म हत्यार वैद्यकाबाहेरून आले. अमेरिकेतील यॉर्कटाउन हाइट्स येथील आयबीएमच्या संशोधन केंद्रात रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन व सॅम्युएल ब्लम हे जंबुपार किरणांच्या लेसरवर काम करीत होते. श्रीनिवासन यांचा जन्म १९२९ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे झाला असून त्यांचे प्रारंभीचे उच्च शिक्षणही तेथेच झाले. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, आदल्या दिवशीच्या सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या कूर्चेवर त्यांनी १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण सोडले. कूर्चेत स्वच्छ कडांची खाच पडली व भोवतालचा भाग भाजला नाही. हिरव्या प्रकाशाच्या लेसरने मात्र ऊतक करपले. १९३ नॅनोमीटर किरणांच्या प्रत्येक फोटॉनाची ऊर्जा सु. ६·४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते व ती रेणूंतील बंध थेट तोडण्यास पुरेशी असते. ऊर्जा पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरातच शोषली जाते आणि तेवढाच थर उडून जातो. एका स्पंदात स्वच्छमंडलाचा सु. पाव मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर निघतो. [⟶ लेसर].

न्यूयॉर्क येथील नेत्रवैद्य स्टीव्हन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्या सहकार्याने स्वच्छमंडलावर प्रयोग करून १९८३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर अमेरिकेत व जर्मनीत मानवी डोळ्यांवर प्रयोग सुरू झाले. या पद्धतीत स्वच्छमंडलावरील पातळ आवरण काढून खालचा भाग लेसरने घडवीत. क्रीट बेटावरील इओआनिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास बाराकेर यांची चकती व हा लेसर यांचा मेळ घातला. स्वच्छमंडलाचा पातळ पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटावयाचा, खालचा भाग लेसरने घडवावयाचा व पापुद्रा पुन्हा जागेवर बसवावयाचा, अशी ही ‘लॅसिक’ पद्धती होय. वेदना कमी व दृष्टी लवकर परत येणे या गुणांमुळे ती झपाट्याने लोकप्रिय झाली. अमेरिकेत एक्सायमर लेसरने दृष्टिदोष दूर करण्यास १९९५ मध्ये शासकीय मान्यता मिळाली.

नव्या पद्धतीतील उणिवा : किती थर काढावयाचा याचे गणित साधे होते. डायॉप्टरमधील नंबरास उपचारक्षेत्राच्या व्यासाच्या (मिलिमीटरमधील) वर्गाने गुणून तीनने भागले असता मध्यभागी काढावयाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मिळते; उदा., ५ डायॉप्टर निकटदृष्टितेसाठी ६ मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रात सु. ६० मायक्रॉन थर काढावा लागतो. जाडी वाचविण्यासाठी प्रारंभी उपचारक्षेत्र लहान ठेवीत. दिवसा दृष्टी उत्तम असे. परंतु रात्री बाहुली उपचारक्षेत्राहून मोठी झाली, की दिव्यांभोवती वलये दिसत व समोरून येणाऱ्या वाहनांच्या प्रकाशाने डोळे दिपत. मध्यभाग सपाट केल्याने गोलीय विपथन वाढते, हेही लक्षात आले. तक्त्यावरील सर्वांत बारीक अक्षरे वाचणारा रुग्ण रात्री वाहन चालविण्यास धजत नसे. त्याची तक्रार चष्म्याच्या नंबराच्या भाषेत मांडताच येत नव्हती. कारण नंबर शून्यच असे. उच्च श्रेणीचे दोष मोजण्याची गरज नेत्रवैद्यकात अशा प्रकारे उत्पन्न झाली.

तरंगाग्राचे मापन : हे मापन ज्योतिषशास्त्राच्या आश्रयाने वाढले होते. जर्मनीतील पॉट्सडॅम येथे योहानेस हार्टमान यांनी १९०० च्या सुमारास मोठ्या दूरदर्शकाच्या भिंगाची परीक्षा घेण्यासाठी त्यापुढे अनेक छिद्रांचा पडदा ठेवण्याची युक्ती योजली. प्रत्येक छिद्रातून आलेला किरण अपेक्षित जागेपासून किती ढळतो, यावरून भिंगातील दोष कळे. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात रोलंड शॅक व बेन प्लॅट यांनी छिद्रांच्या जागी सूक्ष्म भिंगे बसविली. जमिनीवरून घेतलेली उपग्रहांची छायाचित्रे वातावरणामुळे अस्पष्ट येत. ती सुधारणे हा त्यांचा हेतू होता. १९७१ मध्ये ही सुधारणा प्रसिद्ध झाली.

सोव्हिएट संशोधक स्मिर्नोव्ह यांनी १९६१ मध्ये वेगळ्या रीतीने मानवी डोळ्याच्या विपथनांचे मापन केले होते. एका डोळ्याच्या आकडेमोडीस दहा-बारा तास लागत. त्यामुळे व्यवहारात या पद्धतीचा उपयोग होईल, असे त्यांना वाटले नाही. संगणकांनी ही अडचण दूर केली. हायडल्‌बर्ग येथे योझेफ बिले, जुनझोंग लिआंग व त्यांचे सहकारी यांनी हार्टमान-शॅक उपकरण डोळ्यासाठी वापरून १९९४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जालपटलावर मंद प्रकाशाचा बिंदू पाडतात. तेथून परावर्तित होऊन बाहेर येणारा प्रकाश निर्दोष डोळ्यातून सपाट तरंगाग्राच्या रूपाने यावयास हवा. प्रत्यक्षात हे तरंगाग्र उंचसखल असते व त्याचा उंचसखलपणा हाच डोळ्याच्या दोषांचा नकाशा होय. डच भौतिकीविज्ञ फ्रिट्स झेर्निके (१८८८–१९६६) यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या बहुपदींच्या साहाय्याने या नकाशाचे निरनिराळ्या दोषांत पृथक्करण करतात. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात लिआंग, डेव्हिड विल्यम्स व डोनाल्ड मिलर यांनी १९९७ मध्ये आकार बदलणाऱ्या आरशाच्या योगे ही विपथने तात्पुरती नाहीशी केली. त्या प्रयोगात निरीक्षकांची दृष्टी सर्वसामान्य मर्यादेपलीकडे सुधारली व जिवंत डोळ्यातील एकेक शंकुपेशी दिसू शकली.

मापन व शस्त्रक्रिया यांचा संयोग : आरशाने जे साधले, ते स्वच्छमंडलावर कायमचे कोरता येईल, अशी आशा यातून निर्माण झाली. जर्मनीतील ड्रेझ्डेन येथे टेओ झायलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तरंगाग्राच्या नकाशानुसार पहिल्या शस्त्रक्रिया केल्या. यासाठी रुंद झोताऐवजी पृष्ठभागावर फिरणारा लहान झोत आवश्यक असतो. शस्त्रक्रिया चालू असता डोळा क्षणोक्षणी हलतो. म्हणून त्याच्या हालचालींचा मागोवा घेऊन झोताची दिशा बदलणारी यंत्रणा जोडावी लागली. बसलेला मनुष्य आडवा झाला, की डोळा किंचित फिरतो. परितारिकेवरील (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावरील) नैसर्गिक खुणा जुळवून हे फिरणे लक्षात घेण्याची सोयही पुढे झाली. अमेरिकेत या पद्धतीस २००२ मध्ये मान्यता मिळाली. तरंगाग्राऐवजी स्वच्छमंडलाच्या पृष्ठभागाचा नकाशा आधारास घेणारी दुसरी पद्धती तेथे २०१३ मध्ये मान्य झाली. स्वच्छमंडलच ओबडधोबड असल्यास ती विशेष उपयोगी पडते.

मर्यादा : प्रारंभी अतिमानवी दृष्टीची जी अपेक्षा बाळगली गेली, ती फलद्रूप झाली नाही. सामान्य डोळ्याच्या एकूण दोषात चष्म्याने सुधारणाऱ्या दोषांचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक असतो. उरलेल्या अल्प भागासाठीच हा सर्व खटाटोप असतो. पापुद्रा उचलण्यानेच काही नवी विपथने उद्भवतात. वरचे आवरण पुन्हा वाढताना खळगे भरून काढते व काळजीपूर्वक कोरलेला आकार अंशतः पुसला जातो. अश्रूंचा थर पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर बदलतो. वयानुसार डोळ्यातील भिंग बदलत असल्याने आज बिनचूक असलेला नकाशा काही वर्षांनी तसा राहत नाही. चाळिशीनंतर जवळचे वाचण्यास लागणारा चष्माही या शस्त्रक्रियेने टळतोच असे नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यक्तीची स्वतःचीच विपथने फिरवून तिला दाखविली असता दृश्य अधिक अस्पष्ट वाटले. मेंदू आपल्या डोळ्याच्या दोषांना सरावलेला असतो, असा त्याचा अर्थ होतो.

ही शस्त्रक्रिया बहुधा रोगट नसलेल्या डोळ्यावर केली जाते, म्हणून रुग्णाची निवड सर्वांत महत्त्वाची ठरते. ज्यांचे स्वच्छमंडल पातळ वा शंक्वाकार होऊ लागलेले असते, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर ते पुढे फुगण्याचा धोका संभवतो. नंबर स्थिर झालेला नसल्यास वा डोळे अतिशय कोरडे असल्यासही शस्त्रक्रिया टाळतात. मापनाच्या नकाशांचा एक मोठा उपयोग, कोणावर शस्त्रक्रिया करू नये हे ठरविण्यासाठीच होतो.

अमेरिकन शासनाच्या पुढाकाराने झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्यांत लॅसिक शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक व्यक्ती आपल्या दृष्टीविषयी समाधानी आढळल्या. मात्र पूर्वी कोणताही दृश्य-त्रास नसलेल्यांपैकी अनुक्रमे ४३ व ४६ टक्के व्यक्तींना तीन महिन्यांनंतर वलये, दिपणे यांसारखे निदान एक नवे लक्षण जाणवत होते. हे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे आहेत. मापनानुसारी पद्धतीने शस्त्रक्रियेमुळे उद्भवणारे दोष कमी केले व पूर्वीच्या शस्त्रक्रियेने बिघडलेली काही डोळ्यांची दृष्टी सुधारता येऊ लागली. निर्दोष डोळा घडविण्यापेक्षा, आधीच चांगल्या असलेल्या डोळ्याची कमीत कमी हानी करून त्यास चष्म्यापासून मुक्त करणे, हेच तिचे प्रत्यक्ष कार्य ठरले आहे.