आकाश ‘बंद’ कसं करतात? मुलांना सांगण्यासारखा थोडा इतिहास



भारताची तिकिटं काढलेली, बॅगा भरलेल्या आणि ऐनवेळी बातमी येते: हवाई हद्द बंद! जून २०२५ मध्ये कतारने काही तास आकाश बंद केलं. २०१९ मध्ये पाकिस्तानने जवळपास साडेचार महिने हद्द बंद ठेवली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. अशा वेळी मुलं हमखास विचारतात, “आकाशाला काय दार असतं का?”

दार नसतं, पण हुकूम असतो. त्याची गोष्ट शीतयुद्धात सुरू होते. जमिनीवरची रेडिओ केंद्रं आपल्या विमानांना वाट दाखवतात, मग त्याच खुणांवरून सोव्हिएत बॉम्बर आले तर? ही अमेरिकेची धास्ती होती. म्हणून ‘स्कॅटाना’ नावाची योजना ठरली: संकटात नागरी विमानं उतरवायची आणि गरज पडली तर ही केंद्रंही बंद करायची. १४ ऑक्टोबर १९६१ ला लष्करी सरावासाठी अमेरिका आणि कॅनडातली नागरी उड्डाणं १२ तास थांबवली होती. पण ती आधी जाहीर करून.

११ सप्टेंबर २००१ ला कुणालाच पूर्वसूचना नव्हती. व्हर्जिनियातल्या हर्नडन इथल्या नियंत्रण केंद्रात बेन स्लायनी यांचा त्या पदावरचा पहिलाच दिवस होता. सकाळी पावणेदहाच्या सुमारास हुकूम निघाला: सगळी विमानं जवळच्या विमानतळावर उतरवा. आकाशात तेव्हा सुमारे ४,५०० विमानं होती. सव्वाबारापर्यंत अमेरिकेवर एकही प्रवासी विमान उरलं नाही! त्या दिवशी स्कॅटाना लागू झाली, पण बदलून. वाट दाखवणारी केंद्रं चालूच ठेवली.

मला यातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आकाश रिकामं करायचं, तर प्रत्येक विमानाला उतरायला जागा हवी. अटलांटिकवरून येणाऱ्यांना अमेरिकेचं दार बंद होतं, ते कॅनडाने उघडलं. दोनशेहून जास्त विमानं तिथे उतरली. त्यातली ३८ एकट्या गँडरमध्ये. गावाची वस्ती जेमतेम १० हजार, पाहुणे साडेसहा हजारांवर! संपावर असलेले शाळेच्या बसचे चालक संप बाजूला ठेवून गाड्या घेऊन आले. शाळा, चर्च, लोकांची घरं, सगळीकडे पाहुण्यांची सोय झाली.

तेव्हा पुढच्या वेळी आजी-आजोबांचं विमान भलतीकडे वळवलं, तर मुलांना दोन्ही गोष्टी सांगा. आकाश बंद करतं सरकार. पण अडकलेल्या माणसाला आसरा देतात ती खाली राहणारी माणसंच. आणि आपल्या गावच्या विमानतळावर कुणी अडकलं, तर दोन घास जास्त शिजवायला आपणही तयार असू या.