आठवड्याची शिदोरी : चामोर्शीच्या स्वयंपाकघराचा थोडा इतिहास

गेल्या वर्षी आपल्या वार्षिक मेळाव्यात, भोजनोत्तर बैठकीत, एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांनी असा विषय काढला की, हल्लीच्या नोकरी करणाऱ्या सुना रविवारी एकदाच रांधतात आणि तेच अन्न आठवडाभर फ्रीजमधून काढून घरच्यांपुढे ठेवतात. आपल्या घराण्यांत असे कधी नव्हते. पुष्कळांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली, हे येथे कबूल करणे भाग आहे. कारण आमच्या घरीही हाच प्रकार चालू होता आणि त्यावरून सुनेस आम्ही दोन शब्द अधिकच बोललो होतो. पुढे मात्र मनात आले की, ‘कधी नव्हते’ हे विधान इतिहासाचे आहे आणि ते तपासून घ्यावयास हवे. जन्मभर मुलांना इतिहास शिकविणाऱ्याने हे आधीच करावयाचे, पण ते तेव्हा सुचले नाही.

तपासण्यास दूर जावे लागले नाही. आमच्या लहानपणी चामोर्शी चंद्रपूर जिल्ह्यात होती. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्या काळी ताजी भाजी हाती येण्याचा दिवस आठवड्यातून एक, बाजाराचा. त्या दिवशी आमच्या घरात जी धांदल उडे, ती सणाच्या धांदलीहून कमी नसे. पालेभाज्या निवडून पहिल्या दोन दिवसांसाठी वेगळ्या काढीत. वांगी, ढेमसे मधल्या दिवसांसाठी. कोहळा, कांदे, बटाटे शेवटास. वैनगंगेची मासळी आली तर ती त्याच रात्री शिजे. मात्र तिच्यात चिंच वा अंबाडी सढळ हाताने पडे, कारण आंबट कालवण दुसऱ्या दिवशीही टिकते हे आईस ठाऊक होते. आंबटपणात अन्न नासविणारे जंतू सहसा वाढत नाहीत, हे आम्ही पुढे पुस्तकात वाचले. जवसाची चटणी त्याच संध्याकाळी कुटून बरणीत भरली जाई. आठवड्याच्या शेवटी टोपली रिकामी झाली की उन्हाळ्यात घातलेल्या कोहळ्याच्या वड्या, वाळविलेला हरभऱ्याचा पाला, नाहीतर सुके झिंगे बाहेर निघत. पावसाळ्यात रानातून वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब मिळाले तर ठरलेला सारा बेत एका क्षणात बदले. ठरविणे आणि ऐनवेळी बदलणे, या दोन्ही गोष्टी एकच बाई एकाच चुलीपुढे करीत होती.

भाताचे तर विचारूच नये. आपला प्रदेश धानाचा. रात्री उरलेल्या भातात पाणी घालून तो मडक्यात ठेवीत आणि सकाळी मीठ, कांदा, मिरची घेऊन शेतावर निघण्यापूर्वी खात. यास कोणी शिळे खाणे म्हटले नाही. १९६० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे आपल्या तालुक्यात वसविली गेली, तेव्हा त्यांच्या घरीही हाच पाण्यातला भात, पांताभात या नावाने, निघाला. भाषा निराळी, मडके मात्र एकच.

लाखोळीच्या डाळीविषयी येथे दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. महिनोन् महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडतात, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. आमच्या आजी ती डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देत असत. विचारले तर ‘उग्र असते’ एवढेच उत्तर मिळे. डाळीतील विषारी अंश त्या पाण्याबरोबर पुष्कळसा निघून जातो, हे त्यांस कोणी शिकविले नव्हते.

मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेस बंडीतून जावयाचे तर आदल्या दिवशी दशम्या होत. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजविली की पोळी अधिक टिकते. आता शास्त्राधार काढणारे म्हणतील की, भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळ्या अन्नास तामस म्हटले आहे. म्हटले आहे खरे. पण त्याच धर्मात श्रावणातील शीतळासप्तमीस आदल्या दिवशीचे थंड अन्न खावयाचे व्रत आहे, आणि त्या दिवशी चूल पेटविणे वर्ज्य आहे.

मग नवे काय आहे? नवा आहे रविवार. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालापासून आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. शाळा-कचेऱ्यांबरोबर तो रविवार आमच्याकडेही आला. आम्ही मास्तर लोकांनी तो मनसोक्त उपभोगला: सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप. फ्रीज नंतर आला. भारतात बनलेला पहिला फ्रीज गोदरेजचा, सन १९५८ मधला. आपल्या घरांत तो पोहोचावयास आणखी कित्येक वर्षे लागली, आणि वीज गेली की अजूनही त्याचा भरवसा नाही.

आणखी एक फरक आम्हांस आमच्या टिपणातून दिसला, तो लिहिताना हात अडखळतो. बाजाराच्या दिवशी आईच्या जोडीस आजी, दोन काकू आणि आत्या असत. एक निवडी, एक कुटी, एक चूल सांभाळी. आमची सून ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या पाळ्या ठरलेल्या नसतात. रविवारी ती एकटी तुरीची डाळ शिजविते, कांदा-टमाटरचा मसाला परतून डबे भरते, मटकी भिजत घालते, भात मात्र निववून लगेच फ्रीजमध्ये ठेवते, कारण शिजलेला भात उष्ण हवेत फार वेळ राहिला तर विषबाधा होऊ शकते. सोमवारी त्या डाळीचे वरण होते, मंगळवारी तिच्यात अंबाडी पडते, बुधवारी उरलेली कणकेत मळून तिच्या पोळ्या होतात. ऐनवेळी रात्रपाळी लागली की हा क्रमही उलटापालटा होतो. पाच जणींचे काम एक जण करीत होती आणि आम्ही तिला शिळ्याचा दोष देत होतो. आजींनी काढलेल्या मडक्यातल्या भातास मात्र आम्ही दोन वेळा मागून घेतले होते.

मेळाव्यातील त्या सद्गृहस्थांस हे सर्व आम्ही पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले. त्यात त्यांनी आपल्या मातोश्रींच्या वड्यांची कृती लिहून पाठविली आहे, आणि मूळ विषयावर एक अक्षरही नाही.

लेख येथेच थांबवितो. आज रविवार आहे, अंबाडीची जुडी निवडून द्यावयाची आहे, आणि देठ किती ठेवावयाचा हे आम्हांस अजून नीट कळलेले नाही.