कार्लेखिंडीची स्पोर्ट्स कार आणि पितळेची रिंग

पेणहून वडखळ, पोयनाड करत अलिबागला गेलात की वाटेत कार्लेखिंड लागते. या खिंडीजवळ चिंकारा मोटर्स नावाच्या छोट्या कारखान्यात या शतकाच्या पहिल्या दशकात स्पोर्ट्स कार बनत होती. फायबरग्लासची बॉडी, वर छप्पर नाही, माणसं दोनच. रूप १९५७ च्या लोटस सेव्हनचं, म्हणजे इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमनने काढलेल्या हलक्याफुलक्या गाडीचं. इंजिन मात्र १.८ लिटरचं इसुझू, जे तुम्ही अँबॅसडरमध्ये पाहिलेलं असेल. साहेबांची पांढरी गाडी ओढणारं इंजिन आणि त्याच्याबरोबरचा पाच गिअरचा गिअरबॉक्स, हे दोन्ही इथे रोडस्टरमध्ये बसले.

माझी एमएस्सी फिजिक्समधली, पीएचडी मात्र वाहन तंत्रज्ञानाच्या इतिहासावर चालू आहे. त्यामुळे मला कायम एकच प्रश्न विचारला जातो : "गिअर घट्ट पडतोय, काय करू?" आज त्याचं उत्तर इतिहासाच्या वाटेने देते, कारण मला तरी ते तिथूनच नीट कळलं.

गिअर बदलणं म्हणजे वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींत अडकवणं. समजा दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २ आहे आणि तिसऱ्याचं १.४. दुसऱ्यात इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर गाडीच्या त्याच वेगाला तिसऱ्यात ते २१०० हवेत. मधले ९०० फेरे कोणीतरी कमी करायला लागतात. कोणी करायचे, एवढाच या सगळ्या इतिहासाचा विषय आहे.

१८९० च्या दशकात फ्रान्समध्ये पानार्ड आणि लेव्हासोरने दांते सरकवून जुळवायचा गिअरबॉक्स रूढ केला, तेव्हा हे काम ड्रायव्हरचं होतं. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, खालचा गिअर टाकायचा असेल तर रेस द्या, परत क्लच दाबा आणि गिअर टाका. आपल्याकडे याला 'डबल क्लच मारणं' म्हणतात. कान तयार नसेल तर दाते करकरणार.

१९२९ च्या मॉडेलमध्ये कॅडिलॅकने हे काम ड्रायव्हरच्या हातून काढून घेतलं. अर्ल थॉम्पसनच्या सिंक्रोमेश रचनेत दाते अडकण्याआधी एक शंकूच्या आकाराचा भाग दुसऱ्या शंकूवर घासतो आणि घर्षणाने दोघांचा वेग एक होतो. पुढे हे काम पितळेसारख्या मिश्रधातूच्या एका रिंगकडे गेलं. वेग जुळेपर्यंत ही रिंग वाट अडवून धरते. तुमच्या हाताला जो 'घट्टपणा' लागतो, त्यातला काही भाग म्हणजे ही अडवणूकच. तो बिघाड नाही, रिंग तिचं काम करते आहे.

आपल्याकडे मात्र ही सोय अर्धवट आली. जुन्या अँबॅसडरच्या आणि फियाटच्या चार गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, ही शिस्त त्या काळच्या टॅक्सीवाल्यांच्या अंगात भिनलेली असायची. नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्याला जाताना चढावर गाडी दमली, तर थांबा नाहीतर डबल क्लच मारा, तिसरा मार्ग नाही. इसुझूचा गिअरबॉक्स आला आणि ही कसरत संपली. ती येणारे हातही मग हळूहळू कमी झाले.

स्पोर्ट्स कारमध्ये हे सगळं जास्त का जाणवतं? इंजिन ६००० फेऱ्यांपर्यंत ओढून गिअर बदललात तर फरक ९०० चा नाही, १८०० चा होतो. घर्षणात जाणारी ऊर्जा फरकाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे रिंगवर चौपट उष्णता. वर तुम्हाला घाईही असते, म्हणजे हे सगळं कमी वेळात उरकायचं. साध्या गाडीसाठी घडलेला बॉक्स हलक्या, जोरात हाकायच्या गाडीत घातला की रिंगांचं आयुष्य कमी होणारच. नामवंतही यातून सुटले नाहीत. पोर्शे ९११ चा '९१५' गिअरबॉक्स १९७२ ते १९८६ पर्यंत चालला आणि थंड असताना घट्ट म्हणून बदनाम झाला. १९८७ पासून कंपनीने स्वतःची सिंक्रो रचना सोडून वेगळ्या पद्धतीच्या सिंक्रोचा नवा बॉक्स घेतला.

आता तेलाची गंमत पाहा. गिअर ऑइलचं काम घर्षण कमी करणं, आणि सिंक्रो रिंग जगते घर्षणावर. मागच्या डिफरन्शिअलमध्ये दाते एकमेकांवर जोरात घसरतात, म्हणून तिथे गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनं भरपूर असलेलं जीएल-५ लागतं. जीएल-४ मध्ये ती ढोबळमानाने निम्मी असतात. 'पाच म्हणजे चारपेक्षा भारी' असं समजून गिअरबॉक्समध्ये जीएल-५ ओतलं की रिंग घसरते, वेग वेळेत जुळत नाही आणि गिअर अडकतो. शिवाय जुन्या प्रकारच्या जीएल-५ तेलांमधलं सक्रिय गंधक गरम झाल्यावर तांब्या-पितळेला खायचं. काउंटरवर नुसतं 'नव्वद नंबर द्या' म्हणाल तर दोन्हींपैकी काहीही हातात पडू शकतं, कारण नव्वद हा आकडा फक्त दाटपणा सांगतो. डब्यावरचा जीएल आकडा वाचा, आणि गाडीच्या पुस्तकात जो सांगितलाय तोच घ्या.

परदेशी सल्ल्यात पहिलं वाक्य असतं, 'तेल गरम होऊ द्या'. उणे तापमानात ते बरोबर आहे. पेण-रोह्यात मला ते फारसं पटत नाही. आपल्याकडची थंडी ती काय! इथला शत्रू दमट हवा आहे. क्लचची केबल आतून गंजते, गिअरच्या दांड्यांचे सांधे कोरडे पडतात. क्लच फ्लुइडवर असेल तर ते फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि सिलिंडर आतून खराब होतो. परिणाम एकच : पेडल पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही, इंजिन गिअरबॉक्सला फिरवतच राहतं आणि बिचारी रिंग इंजिनाशी झुंजते.

म्हणून बॉक्स उघडायला देण्याआधी दोन गोष्टी स्वतः करून बघा. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा आणि इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. तेव्हाही घट्ट असतील तर आधी दांड्या, सांधे, केबल तपासा. बंद असताना लोण्यासारखे पडत असतील तर इंजिन चालू करा, क्लच दाबून पाच-सहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. एवढं थांबूनही करकरला तर क्लच सुटत नाहीये. रिव्हर्स गुपचूप पडला आणि पळत्या गाडीत एखादाच गिअर त्रास देत असेल, तर मात्र त्या गिअरच्या रिंगवर संशय घ्या.

पण ती रिंग मिळणार कुठे? हिंदुस्तान मोटर्सचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ च्या मे महिन्यात बंद पडला. रोडस्टर कार्लेखिंडीची असली तरी तिच्या गिअरबॉक्सचे सुटे भाग अँबॅसडरच्या शिल्लक साठ्यावर आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या पार्टच्या बाजारांवर अवलंबून. त्यात नवी रिंग जुन्या शंकूवर बसवून मधली फट मोजायची आणि ती चालेल की नाही ते सांगायचं, हे ज्ञान पुस्तकापेक्षा गॅरेजमधल्या हातांत जास्त आहे. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण नेमकं त्या हातांवर आहे, आणि त्यासाठी माणसं शोधतेय. पेण, वडखळ, नागोठणे, रोहा या पट्ट्यात इसुझूचा बॉक्स स्वतः खोललेले जुने मिस्त्री तुमच्या ओळखीत असतील तर कळवा. मी वही घेऊन येईन, त्यांच्या वेळेने.