इंटरनेटवरची तेरा वर्षांची अट : ती आली कुठून?

"मुलगी तेरा वर्षांची झाली, आता इन्स्टाग्रामला हरकत नाही ना?" असं पालक विचारतात तेव्हा त्यांना वाटत असतं, की १३ हा आकडा कुणा बालरोगतज्ज्ञाने किंवा मानसोपचारतज्ज्ञाने ठरवला असणार. लशींचं वेळापत्रक असतं तसंच काहीतरी. प्रत्यक्षात हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेलाच नाही. त्याची गोष्ट अमेरिकेतली आहे आणि ती जाहिरातींपासून सुरू होते.

१९९६च्या सुमारास तिथे लहान मुलांसाठी अनेक वेबसाइट निघाल्या होत्या. त्यातली एक किड्सकॉम. ती मुलांना नाव, ईमेल, आवडीच्या वस्तू असे प्रश्न विचारायची आणि उत्तरं दिली की बक्षिसासाठी गुण द्यायची. आईवडिलांना याचा पत्ता नसे. सेंटर फॉर मीडिया एज्युकेशन या संस्थेने व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाकडे, म्हणजे फेडरल ट्रेड कमिशनकडे, तक्रार केली. १९९८ साली आयोगाने मुलांच्या २१२ साइट तपासल्या. त्यातल्या ८९ टक्के साइट मुलांची वैयक्तिक माहिती घेत होत्या. आईबाबांना विचारून ये, असं सांगणाऱ्या होत्या फक्त २३ टक्के.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'कोप्पा' हा कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून लागू झाला. खासदार एड मार्की यांना वयोमर्यादा १६ हवी होती. पण ऑनलाइन व्यापार करणाऱ्या कंपन्यांचा विरोध होता. शिवाय नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांची शंका वेगळीच होती : घरात मारहाण होत असलेल्या किंवा गर्भनिरोधनाची माहिती शोधणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीने आधी पालकांची परवानगी आणायची का? डॉक्टर म्हणून मला ही शंका अगदी रास्त वाटते. शेवटी तडजोड झाली आणि आकडा १३ वर आला.

आता यातली मेख बघा. तेराखालच्या मुलांना इंटरनेट बंद, असं कायदा म्हणतच नाही. पालकांची परवानगी घेतल्याशिवाय त्यांची माहिती घेऊ नका, एवढंच तो म्हणतो. पण परवानगी मिळवणं म्हणजे सही केलेला कागद फॅक्सने मागवा, क्रेडिट कार्ड तपासा, फोनवर माणसं बसवा. त्यापेक्षा 'तेराखालच्यांना प्रवेश नाही' अशी पाटी लावणं स्वस्त. सर्वांसाठी असलेल्या साइटवर तर, मूल लहान आहे हे कंपनीला ठाऊक असेल तरच जबाबदारी येत होती. म्हणून जन्मतारीख विचारायची आणि मुलाने जी सांगितली ती खरी धरायची, ही पद्धत रूढ झाली. कंपन्या जगभर पसरल्या तशी ही पाटी आपल्याकडेही आली.

आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती, आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोशल मीडियासाठी १६ची अट घातली.

तुमच्या घरात या इतिहासाचा संबंध येतो तो खोट्या जन्मतारखेमुळे. दहा वर्षांच्या मुलाचं खातं उघडताना वय तेरा टाकलं (बहुतेक वेळा घरातलंच कुणी मोठं माणूस हे करून देतं), तर पाच वर्षांनी तो पंधराचा असताना खात्याच्या हिशेबी अठरा पूर्ण झालेला असतो. अनोळखी माणसांचे मेसेज अडवणारी किशोरवयीनांसाठीची बंधनं मग त्याच्या खात्यावरून निघून जातात. दारूच्या, सट्ट्याच्या जाहिरातींसाठीही तो प्रौढच.

तेव्हा आज मुलाला शेजारी बसवून खात्यातली जन्मतारीख बघा आणि चुकीची असेल तर दुरुस्त करा. खरं वय तेराखाली असेल तर खातं बंद होईल; होऊ द्या. कुणी फोटो मागत असेल किंवा धमकावत असेल तर मुलाला रागावू नका. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, सायबर गुन्ह्यांसाठी १९३०. मुलांच्या अश्लील चित्रांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न सांगताही करता येते.