नववा महिना कोणी ठरवला?

आम्ही ठाण्याला माजिवड्यात राहतो. शेजारच्या घरी पुढच्या महिन्यात बाळाचा पहिला वाढदिवस आहे. परवा सहज गेलो, तर लसीकरणाच्या कार्डावरून चर्चा चालली होती. बाळाची नवव्या महिन्याची गोवराची लस राहून गेली होती. एकदा सर्दी झाली म्हणून पुढे ढकलली, मग मंडळी गावी गेली. आता बाळाच्या वडिलांचे म्हणणे असे, की इतके दिवस राहिलीच आहे तर वाढदिवस होऊन जाऊ दे. ताप आला तर सगळाच विरस! शिवाय परदेशात ही लस वर्षानंतरच देतात, असे त्यांनी कुठेतरी वाचलेही होते. आजींना मुळात एवढी घाईच पटत नव्हती. "आमच्या वेळी कुठली गोवराची लस? घरातल्या सगळ्या पोरांना एकदम गोवर निघाला. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला, आठ दिवसांत उठून बसलो."

बाळाची आई एवढा वेळ गप्प होती. ती म्हणाली, "पण नऊ महिनेच का? आठ का नाहीत, बारा का नाहीत? हे ठरवलं तरी कोणी?"

हा प्रश्न आम्हाला फार आवडला. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाची सुरुवातही फार लांब नाही, इथून जवळच मुंबईत सापडते.

आजींच्या दंडावरचा वण

आजींच्या दंडावर देवी काढल्याचा मोठा गोल वण आहे. साठीच्या घरातल्या बहुतेकांच्या दंडावर तो दिसतो. तो आपल्याला १८०२ सालापर्यंत मागे घेऊन जातो.

एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली इंग्लंडमध्ये एक प्रयोग केला. गाईच्या सडांवर येतात तशा, देवीसारख्याच पण सौम्य फोडांतला द्रव त्यांनी एका आठ वर्षांच्या मुलाला टोचला. पुढे त्या मुलाला देवीचे विष टोचूनही देवी आल्या नाहीत. १७९८ साली जेन्नर यांनी हे प्रसिद्ध केले आणि जगभरातून लसीची मागणी येऊ लागली. पण ती पाठवायची कशी? बर्फाची पेटी नव्हती. दोऱ्यावर वाळवलेला द्रव उष्ण प्रदेशातल्या लांबच्या प्रवासात निकामी होई. तेव्हा खात्रीचा मार्ग एकच उरला, तो म्हणजे माणसाचा दंड. एकाला टोचायचे, आठवड्याभराने त्याच्या दंडावर फोड भरला की त्यातला द्रव काढून दुसऱ्याला टोचायचा. आपल्या भाषेत 'लस' हा शब्द मुळात फोडातून किंवा जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाचा आहे, हे इथे आठवावे.

व्हिएन्नाचे डॉक्टर ज्याँ द कारो यांनी पूर्वेकडे रवाना केलेली लस बगदाद आणि बसरा या मार्गाने मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. भारतात देवीची लस यशस्वीपणे घेणारी ही पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरच्या फोडातून आणखी पाच मुलांना लस दिली गेली आणि मुंबईहून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पुढे गेली.

ही साखळी मुलांचीच का होती? कारण मोठ्या माणसांपैकी अनेकांना देवी येऊन गेलेल्या असत, त्यांच्या दंडावर लस धरत नसे. देवी न आलेले शरीर हवे, म्हणजे लहान मूलच हवे. तेव्हा लस कधी घ्यायची, हा प्रश्न मुलाच्या वयावर ठरत नव्हता. शेजारच्या मुलाच्या दंडावर फोड कधी भरतो, यावर तो ठरत होता!

पुढे वेळ ठरवायला सरकार आले. १८७७ साली मुंबई शहरासाठी आणि १८९२ साली मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांसाठी देवीच्या लसीकरणाचे कायदे झाले. देवीच्या बाबतीत एक सोय होती. ही लस अगदी तान्ह्या बाळाच्या दंडावरही धरते, त्यामुळे जितकी लवकर तितकी बरी, एवढा साधा नियम पुरत असे. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही आणि १९८० साली हा रोग जगातून संपल्याचे जाहीर झाले.

गोवराच्या बाबतीत मात्र असा साधा नियम चालला नाही. तिथे आड आली ती बाळाची आईच!

आईची शिदोरी

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात जातात. रोगजंतूंना ओळखून त्यांना निष्प्रभ करणारी ही प्रथिने असतात. आईला गोवर येऊन गेला असेल किंवा तिने लस घेतली असेल, तर गोवराविरुद्धची प्रतिपिंडेही या शिदोरीत बांधून मिळतात. पहिले काही महिने बाळ तिच्यावरच निभावून नेते.

आता गोवराची लस म्हणजे काय, ते पाहू. १९५४ साली अमेरिकेत बोस्टन येथे एका आजारी मुलाच्या घशातून आणि रक्तातून गोवराचा विषाणू वेगळा केला गेला. तो प्रयोगशाळेत वाढवत वाढवत दुबळा केला आणि १९६३ साली लस तयार झाली. म्हणजे या लसीत दुबळा, पण जिवंत विषाणू असतो. तो शरीरात थोडाफार वाढला तरच शरीर त्याची ओळख ठेवते. आईकडून आलेली प्रतिपिंडे मात्र हा विषाणू आणि तो विषाणू असा भेद करत नाहीत. ती लसीतल्या विषाणूलाही वाढू देत नाहीत आणि लस वाया जाते.

म्हणजे पेच असा. शिदोरी शिल्लक असताना लस दिली तर ती धरत नाही. शिदोरी पूर्ण संपेपर्यंत थांबलो तर मधल्या दिवसांत बाळ उघडे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार नवव्या महिन्यात दिलेली लस सुमारे ८५ टक्के बाळांत धरते, तर बाराव्या महिन्यात दिलेली सुमारे ९५ टक्के बाळांत. मग बारावा महिनाच का नको?

एकच लस, दोन वेळापत्रके

अमेरिकेत १९६३ साली ही लस नवव्या महिन्यातच देत. तेव्हा ती अनेक बाळांत धरत नाही असे दिसल्यावर १९६५ साली वय बारा महिने केले आणि १९७६ साली पंधरा. हे परवडले, कारण लसीमुळे तिथला गोवर खूप कमी झाला होता. थांबलेल्या बाळाला गोवराची गाठ पडण्याची शक्यता थोडी होती. तरीही १९८९ ते १९९१ या काळात तिथे मोठी साथ आली, ५५ हजारांहून अधिक रुग्ण झाले. त्यांत शाळेत जाण्याआधीच्या वयाची, लस न घेतलेली मुले खूप होती. त्यानंतर तिथे पंधरा महिन्यांची अट सैल करून 'बारा ते पंधरा' असे वय ठरले.

आपल्याकडे आणि आफ्रिकेत परिस्थिती वेगळी होती. इथे गोवर बाळाची वाट पाहत दारातच उभा असे. बाळांच्या रक्तातली आईची प्रतिपिंडे कधी संपतात आणि त्यांना गोवर कधी गाठतो, याचा केनियात अभ्यास झाला आणि तो १९७७ साली प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासांतून नवव्या महिन्याची तडजोड निघाली. शंभरातल्या पंधरा बाळांत लस धरणार नाही हे माहीत असूनही ती स्वीकारली, कारण आणखी तीन महिने थांबण्याची किंमत त्याहून जास्त होती. १९८५ साली भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा गोवराची लस नवव्या महिन्यासाठीच ठेवली गेली.

तेव्हा शेजाऱ्यांनी वाचलेली गोष्ट खोटी नव्हती, पण ती अर्धी होती. उशिरा दिलेली लस जास्त चांगली धरते, हे लसीपुरते खरे. बाळ तोवर सुखरूप राहील का, हे त्याच्या भोवती गोवर किती आहे यावर अवलंबून असते.

घाईचीही परीक्षा

उलट दिशेनेही प्रयत्न झाला. लसीतल्या विषाणूचे प्रमाण कित्येक पटींनी वाढवले, तर आईच्या प्रतिपिंडांवर मात करून सहाव्या महिन्यातच लस धरेल, अशी कल्पना होती. ती धरलीही. गोवर फार असलेल्या भागांत अशी जादा प्रमाणाची लस वापरावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली केली. पण सेनेगल, गिनी-बिसाऊ आणि हैती येथे या मुलांवर पुढेही लक्ष ठेवले गेले. तेव्हा असे दिसले, की ही लस घेतलेल्या मुलींमध्ये पुढे इतर आजारांनी होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. १९९२ साली ती शिफारस मागे घेण्यात आली. आपण वापरतो ती नेहमीच्या प्रमाणाची लस या दोषापासून मुक्त आहे.

ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगतो. वेळापत्रक म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. ते तपासले जाते, चुकले तर बदलले जाते. विश्वास ठेवायचा तो या तपासण्यावर. २०१० पासून आपल्याकडे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा देण्यास सुरुवात झाली आणि २०१७ पासून गोवर व रुबेला यांची एकत्र लस आली, तीही अशाच तपासणीतून.

वर्गात करण्याजोगे गणित

गोवराचा एक रुग्ण, भोवती कोणीच संरक्षित नसेल तर, सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. आपण १५ धरू. साथ थांबायची तर या पंधरांपैकी एकापेक्षा कमी जणांना लागण झाली पाहिजे, म्हणजे निदान चौदा संरक्षित हवेत. चौदा भागिले पंधरा म्हणजे सुमारे ९३ टक्के.

आता शंभर बाळे घ्या. सर्वांना नवव्या महिन्यात लस दिली तरी संरक्षित ८५. पुरेसे नाहीत! उरलेल्या पंधरांना दुसरी मात्रा दिली, तर त्यांतली चौदा संरक्षित होतात, एकूण ९९. दुसरी मात्रा का लागते, ते इथे कळते. आणि शंभरांतल्या ८० बाळांनीच पहिली मात्रा घेतली तर? संरक्षित ६८, उघडी ३२. एक रुग्ण पाच जणांना रोग देणार, ते पाच पंचवीस जणांना.

हे गणित कागदावर राहिले नाही. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, अनेक बाळांच्या लसी राहून गेल्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराची साथ आली. ती मालेगावात दिसली, आमच्या ठाणे जिल्ह्यात भिवंडीतही दिसली. काही बालके दगावली आणि त्यांत वर्षाच्या आतलीही होती. तेव्हा केंद्र सरकारने सूचना दिली, की जिथे रुग्णांपैकी दहा टक्क्यांहून अधिक बाळे नऊ महिन्यांच्या आतली आहेत, तिथे सहाव्या महिन्यापासूनच नेहमीच्या लसीची एक जादा मात्रा द्यावी. पुढच्या दोन मात्रा ठरल्या वेळी घ्यायच्याच. रोग जवळ आला, तसे वय खाली आले. १९७७ सालचाच विचार पुन्हा एकदा, आमच्या जिल्ह्याच्या उंबरठ्यावर!

माजिवड्याच्या नाक्यावर मुंबईचा रस्ता, नाशिकचा रस्ता आणि घोडबंदरचा रस्ता एकत्र येतात. इथे राहून 'आमच्याकडे गोवर नाही' असे कोण म्हणू शकेल?

पुन्हा शेजारच्या घरी

आम्ही हे सारे शक्य तितक्या थोडक्यात सांगितले. तापाबद्दलही सांगितले. या लसीने ताप आलाच तर बहुधा सात ते बारा दिवसांनी, थोडासा येतो आणि उतरतो. या आठवड्यात लस घेतली तर तो वाढदिवसाच्या कितीतरी आधी येऊन जाईल. आणखी एक गोष्ट होती. आजींना लहानपणी गोवर येऊन गेला होता, त्यांनी आपल्या बाळांना मोठी शिदोरी दिली. बाळाची आई १९८५ नंतरची, तिला गोवर आलाच नाही, फक्त लस मिळाली. लसीने तयार होणारी प्रतिपिंडे सहसा कमी असतात. म्हणजे आजच्या बाळांची शिदोरी लहान, ती लवकर संपते. अकरा महिन्यांच्या या बाळाकडे बहुधा काहीच उरलेले नव्हते.

निघताना आम्ही आजींना विचारले, "त्या वेळी घरातली सगळी मुले बरी झाली का हो?"

त्या जरा थांबल्या. "धाकटा भाऊ गेला. पण गोवरानं नाही. गोवर उतरला होता त्याचा. नंतर छाती भरली."

गोवराचे बळी बहुतेक असेच जातात. विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती खच्ची करतो आणि पुरळ मावळल्यावर न्यूमोनिया किंवा जुलाब घाला घालतात. घरच्यांच्या हिशेबात गोवर निर्दोष सुटतो. "केवढा होता?" बाळाच्या आईने विचारले. "वर्षाचा झाला होता नुकता," आजी म्हणाल्या.

कोणी काही बोलले नाही. बाळाच्या वडिलांनी कार्ड उचलले आणि आरोग्य केंद्रात लसीचा वार कोणता, ते पाहू लागले.

शिक्षक मित्रांनी हा धडा वर्गात जरूर करून पाहावा. मुलांना घरी तीन दंड पाहायला सांगावेत. आजीच्या दंडावरचा देवीचा वण, आईच्या दंडावरचा बीसीजीचा लहान वण आणि धाकट्या भावंडाचे कार्ड. आणि आजीला एक प्रश्न विचारायला सांगावा, तुम्ही भावंडे किती होतात आणि त्यांतली मोठी किती झालात? उत्तराची घाई मात्र करू नये. काही उत्तरे यायला थोडा वेळ लागतो.