चकती कोठे अडते?

भोसरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत यंत्राचा भाग बदलण्यापूर्वी काम नेमके कोठे अडते, हे आधी पाहतात. शाळेच्या जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी का, हा प्रश्नही तसाच सोडवता येतो.

१९५६ मध्ये आयबीएमने 'रामॅक' संगणकासाठी पहिली हार्ड डिस्क आणली. तिच्या ५० चकत्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. चकत्या मिनिटाला १२०० फेरे घेत. हवी ती माहिती वाचक-शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे २५ मिलिसेकंद लागत. पुढे लॅपटॉपमधील ५०० जीबीच्या डिस्कची क्षमता लाख पटीने वाढली. पण ५४०० फेऱ्यांच्या वेगाने हे थांबणे साडेपाच मिलिसेकंदांपर्यंतच घटले. शीर्ष सरकण्याचा वेळ वेगळाच!

तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीने ही अडचण दूर केली. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठते. काहीच फिरत नाही. वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात सुरू होते. एसएसडी याच स्मृतीची बनते. तिची किंमत मात्र दीर्घकाळ आवाक्याबाहेर होती.

म्हणून लॅपटॉप सुरू होण्यास फार वेळ लागत असेल आणि बाकी यंत्र धड असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो. प्रोसेसरच दुबळा असेल, तर लाभ थोडा. डिस्क खडखडू लागली, तर मात्र वाट पाहू नये. प्रथम माहितीची प्रत काढावी. फ्लॅशच्या पेशीही वारंवार लिहिल्याने झिजतात, तेव्हा दुसरी प्रत नेहमीच हवी.

७२०० फेऱ्यांच्या डिस्कसाठी हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे.