काठ उलटून पाहताना

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं लुगड्याच्या काठावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. त्यामागे एक फजिती आहे, ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं क्रोएशियात फिरायला गेलो होतो. दुब्रॉवनिकजवळ कोनावले नावाचा भाग आहे. तिथल्या बायकांच्या जुन्या पोशाखावर, छातीवर आणि मनगटाशी, रेशमाचं भरतकाम असतं. त्यासाठी रेशमाचे किडे घरीच पाळत. अंडी उबावीत म्हणून बायका ती लहान पिशवीत घालून छातीशी बाळगत. १९९१च्या युद्धात हा भाग होरपळला, तरी ही कला जिवंत आहे. भरतकाम करणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं, ‘तुमच्याकडे काय विणतात?’ मी म्हटलं, भारतात पुष्कळ काही विणतात. त्या म्हणाल्या, ‘भारतात नाही हो, तुमच्या गावात?’ मला उत्तर देता आलं नाही.

धंतोलीत परतल्यावर आईची पेटी उघडली. तिचं सोवळ्याचं टसरचं लुगडं निघालं, करवती काठाचं. लहानपणापासून पाहिलेलं, पण काठ कधी उलटून पाहिला नव्हता.

करवत म्हणजे लाकूड कापायची करवतच. काठाच्या आतल्या बाजूला तसे दाते असतात. मधला भाग टसरचा, काठ सुती. हे विणायला तीन धोटे लागतात: दोन काठांचे दोन, मधल्या भागाचा एक. मधला आडवा धागा काठापर्यंत येतो, काठाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. प्रत्येक ओळीला ही गुंतवण हातानं करायची. आणि ते टसर येतं कुठून? भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांतून. तिथं ऐन-अर्जुनाच्या झाडांवर किडे वाढतात आणि ढिवर समाजाची माणसं पाखरा-मुंग्यांपासून त्यांची राखण करतात.

आता इतिहास बघा. भोसल्यांच्या काळात नागपूर, उमरेड, पवनीच्या कोष्ट्यांचं रेशीमकाठी कापड नावाजलेलं होतं. १८५३मध्ये तिसरे रघूजी वारले, राज्य खालसा झालं आणि दरबाराचं गिऱ्हाईक संपलं. १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, तिच्याबरोबर विलायती कापड आलं. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मग मागावरची कितीतरी माणसं गिरणीत गेली.

एवढ्या सगळ्यातून करवती काठ कसा उरला? माझ्या मते त्या गुंतवणीमुळे. साध्या यंत्रमागावर एकच आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातो. त्याला मध्येच थांबून, दुसऱ्या धाग्याला धरून परत फिरता येत नाही. म्हणजे जी गोष्ट करायला सगळ्यात किचकट, तिनंच या कापडाला तारलं.

म्हणून प्रवासात असं कापड शोधणाऱ्यांना एवढंच सांगेन. भंडाऱ्याकडे आंधळगावला जा, नाहीतर आपल्याच शहरातल्या दुकानात जा. पण काठ उलटून पाहा. टसरचा धागा करवतीच्या दात्यांपाशी थांबून परत फिरतो का? तो सरळ काठात शिरला असेल, तर दाते नुसते दाखवण्यापुरते आहेत. दाते छापलेले असतील, तर उलट्या बाजूला फिके दिसतील. आणि धागा खरंच परत फिरत असेल, तर किमतीत घासाघीस करू नका. त्या प्रत्येक दात्याला कुणाचा तरी हात थांबलेला असतो. आपण भाव पाडत राहिलो, तर त्या विणकराची मुलं मागावर कशाला बसतील?

त्या कोनावलेच्या बाईंना माझं उत्तर द्यायचं राहिलं आहे. निदान आपल्या नातवंडांना कुणी तोच प्रश्न विचारला, तर त्यांनी माझ्यासारखं गप्प राहू नये. घरी गेल्यावर पेटी उघडा.